डोळे चुरचुरतात? आधी खुर्ची फिरवा, थेंबांचं नंतर बघू

गावातही आता दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे कमी नाहीत. सेवा केंद्रात पीकविमा आणि केवायसी भरणारी पोरं, मोबाईलवर नोंदी करणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका, तालुक्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारे. शिवाय ज्यांच्यासमोर स्क्रीन नाही पण डोळ्यांवर ताण तेवढाच आहे, अशा घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाया आणि भंडाऱ्याकडे कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, बारीक धागा विणणारे कारागीर. सगळ्यांची तक्रार एकच: "डोये चुरचुर करून राह्यले, सांजच्याला डोस्कं ठणकते." मग कोणीतरी मेडिकलमधून थेंबांची बाटली आणतं, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा कामाला नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी सेवा केंद्र चालवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांबद्दल कमी आणि बसण्या-उठण्याबद्दल जास्त सांगेन. तसंही यातला बराच त्रास उजेड, वारा आणि अंतर या तीन गोष्टींतून येतो, आणि तिन्ही दुरुस्त करायला जवळजवळ पैसे लागत नाहीत.

आधी त्रास कोणता ते ओळखा

"डोळे दुखतात" या एका वाक्यात तीन वेगळे त्रास असतात. उपायही तिघांचे वेगळे.

पहिला कोरडेपणा. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं, चुरचुरतं, लाल होतं, आणि गंमत म्हणजे पाणीही येतं. पाणी येतंय म्हणजे डोळा कोरडा कसा, असा प्रश्न पडतो. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम असतो. तो जागोजागी तुटला की डोळ्याला टोचतं, आणि टोचलं की डोळा घाईघाईने पाणी सोडतो. आपण दर मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, प्रत्येक वेळी हा थर नव्याने पसरतो. स्क्रीनकडे टक लावून बसलं की हा आकडा निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतो. शिवाय पापणी अर्धवटच मिटते.

दुसरा त्रास जवळ बघण्याचा. लांबचं बघताना निरोगी डोळा सैल असतो. जवळचं बघायचं तर डोळ्यातला एक छोटा स्नायू आवळावा लागतो, आणि वस्तू जितकी जवळ तितका तो जास्त आवळतो. चष्म्याच्या नंबराच्या भाषेत सांगायचं तर ६० सेंटीमीटरवरच्या स्क्रीनला साधारण पावणेदोन नंबराइतका जोर लागतो, ४० सेंटीमीटरवरच्या पुस्तकाला अडीच, आणि नाकाजवळ २० सेंटीमीटरवर धरलेल्या मोबाईलला तब्बल पाच. दोन्ही डोळे आत वळवून धरायचे ते वेगळंच. कपाळ जड होणं, संध्याकाळी बाहेर पडल्यावर समोरचं थोडा वेळ धूसर दिसणं, वाचताना ओळ सुटणं, हे सगळं या खात्यातलं.

तिसरा त्रास नंबराचा. चष्मा हवा आणि नाही, किंवा आहे तो चुकीचा. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर आधी उजवा डोळा झाकून वाचा, मग डावा झाकून. दोन डोळ्यांत ठळक फरक दिसला, किंवा डोळे बारीक केल्यावर अक्षर सुधारलं, तर खालचे सगळे उपाय करूनही अर्धाच फरक पडेल. सरळ नंबराच्या भागाकडे जा.

पायरी पहिली: टेबल आणि उजेड

खेड्यातल्या केंद्राची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. रस्त्याकडे शटर, शटरला लागून काउंटर, त्यावर मॉनिटर, आणि चालवणारा रस्त्याकडे तोंड करून बसलेला. गिऱ्हाईक समोर दिसावं म्हणून हे सोयीचं. पण मॉनिटरच्या मागे काय आहे ते बघा: दुपारी बाराचा पांढराफटक रस्ता. डोळ्याची बाहुली त्या रस्त्याच्या उजेडाने बारीक होते, आणि तेवढ्यात तुम्ही तिला पोर्टलवरची फिक्या राखाडी रंगाची अक्षरं वाचायला लावता. दिवसभर हेच ओढणं चालतं.

टेबल काटकोनात फिरवा. दार तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला आलं पाहिजे, समोर नको आणि पाठीमागेही नको. पाठीमागे दार असलं की मॉनिटरच्या काचेत तेच दार चमकतं. गिऱ्हाईक मग बाजूने येऊन बसेल. चार दिवसांत त्याला सवय होते. जागाच अशी असेल की फिरवता येत नाही, तर शटर अर्धं खाली घ्या, किंवा बाहेर हिरवी नेट लावा. रोपवाटिकेला लावतात तीच. ऊनही अडतं आणि वाराही येतो.

मग स्क्रीनचा उजेड. त्याची साधी कसोटी आहे. कोरा पांढरा कागद मॉनिटरच्या शेजारी धरा. कागदाच्या मानाने स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली दिसली तर ब्राइटनेस कमी करा, कागदापेक्षा मळकट दिसली तर वाढवा. सकाळी जुळवलेलं दुपारी जुळत नाही, म्हणून शटर खालीवर केलं की पुन्हा बघून घ्या.

अंतर हातभर ठेवा, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटर. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. खाली बघताना पापण्या थोड्या मिटलेल्या राहतात, डोळा कमी उघडा पडतो आणि कमी सुकतो. काही जण मॉनिटर सीपीयूच्या डब्यावर चढवतात आणि मान वर करून बसतात. तो डबा काढून टेबलाखाली ठेवा. लॅपटॉपवाल्यांचं उलट, त्यांची मान कायम खाली असते. दोन जाड रजिस्टरं लॅपटॉपखाली ठेवायची आणि वेगळा कीबोर्ड जोडायचा.

अक्षर लहान असेल तर नाक पुढे नेऊ नका, अक्षर मोठं करा. कंट्रोल दाबून अधिकचं बटण दोनदा दाबलं की ब्राउझरमधलं पान मोठं होतं. सरकारी पोर्टलचं एखादं बटण यात कडेला पळतं, ते सरकवून घ्यावं लागतं. तरी परवडलं. कॅप्चाची ती वाकडीतिकडी अक्षरं ज्याने शोधली त्याला एकदा आमच्या खुर्चीत बसवायला पाहिजे.

रात्रीचा एक मुद्दा. लाईन गेली की पोरं इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर लॅपटॉप चालवतात आणि खोलीत काळोख. काळोखात एकच पेटलेली चौकट बघणं डोळ्याला जड जातं. मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर उजेड पडेल असा एखादा चार्जिंगचा दिवा ठेवा. तो डोळ्यांसमोर उघडा दिसता कामा नये. स्वस्तातले काही एलईडी बल्ब बारीक फडफडतात, नुसत्या डोळ्याला कळत नाही. मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून बल्बचा व्हिडिओ घ्या. उजेड धडधडताना दिसला तर तो बल्ब न्हाणीत लावा, अभ्यासाच्या खोलीत नको.

पायरी दुसरी: ओटीपी येईपर्यंत बाहेर बघा

डोळ्यांचे डॉक्टर २०-२०-२० चा नियम सांगतात: दर २० मिनिटांनी, २० फूट लांब, २० सेकंद बघायचं. २० फूट म्हणजे साधारण सहा मीटर. तेवढ्या अंतरावर बघताना तो आवळलेला स्नायू जवळपास पूर्ण सैल सुटतो. नियम चांगला आहे, पण समोर दहा जणांची रांग असताना घड्याळ कोण बघतं?

म्हणून तो कामालाच बांधून टाका. आपल्या धंद्यात वाट बघण्याची कमी नाही. ओटीपी यायचाय, सर्व्हर गोल गोल फिरतोय, प्रिंटर कागद ओढतोय, आजोबांचा अंगठा तिसऱ्यांदा उमटत नाहीये. या प्रत्येक वेळी आपण स्क्रीनकडेच टक लावून बसतो, जणू बघितल्याने ओटीपी लवकर येणार आहे. तेव्हा दाराबाहेर बघा. पाण्याची टाकी, पलीकडचा कडुनिंब, टॉवर, जे सगळ्यात लांब असेल ते. शहरातल्या माणसाला खिडकीतून समोरच्या इमारतीचं बाथरूम दिसतं. आपल्याला वावराच्या पार टोकापर्यंत दिसतं. फुकट मिळतंय तर वापरा.

बाहेर बघताना चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा. नुसती उघडझाप नको. मिटून, हलकेच दाबून, मग उघडा. वेड्यासारखं वाटतं, पण कोरडेपणावर याच्याइतकं स्वस्त काही नाही.

अभ्यासिकेतल्या पोरांसाठी: पानाच्या शेवटी नजर वर करायची, असा नेम ठेवा. मोबाईलवर पीडीएफ वाचणाऱ्यांनी शक्य तेवढं प्रिंट काढून घ्यावं. हे मी झेरॉक्सचे पैसे मिळावेत म्हणून सांगत नाही. (थोडं त्यासाठीही.) मोबाईलवर वाचायचंच असेल तर ३५-४० सेंटीमीटर लांब धरा, कोपर पोटाला टेकवलं की साधारण तेवढं अंतर आपोआप राहतं. उशीवर कुशीवर झोपून वाचताना फोन कधी नाकाशी येतो ते कळत नाही, आणि एक डोळा उशीत दबलेला असतो. तेवढं एक सोडा.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे डार्क मोड, बरा की वाईट? उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळी अक्षरं बहुतेकांना सोपी जातात. तिरपा नंबर (चष्म्याच्या कागदावर 'सिलिंड्रिकल' लिहितात तो) असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरट दिसतात. रात्री कमी उजेडात काळा पडदा बरा वाटत असेल तर वापरा. यात पाप-पुण्य काही नाही.

पायरी तिसरी: वारा, धूर, धूळ

विदर्भात हा भाग वेगळा लिहावाच लागतो. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्या हवेत अश्रूंचा थर टिकतो किती? त्यात तालुक्याहून दुचाकीवर भर उन्हात आलेला माणूस आल्या आल्या खुर्चीत बसतो. त्याचे डोळे काम सुरू होण्याआधीच सुकलेले असतात. हेल्मेटची काच खाली घ्या, नाहीतर साधा गॉगल लावा. दुपट्टा तोंडाला गुंडाळतोच आपण, डोळे मात्र उघडे ठेवतो. आल्यावर तोंड धुवा, पाणी प्या, पाच-दहा मिनिटं डोळे मिटून बसा.

कूलरची हवा ओलसर असते म्हणून ती डोळ्याला बरी, असा समज आहे. ओलसर असली तरी झोत तोंडावर आला की डोळा सुकतोच. कूलर बंद करा असं मी मे महिन्यात कोणाला सांगणार नाही, मला गावात राहायचं आहे. फक्त त्याच्या पट्ट्या वळवून झोत छताकडे किंवा पायाकडे सोडा. टेबल फॅन असेल तर पाठीमागून किंवा बाजूने घ्या. पाणी महिनोन्महिने न बदललेल्या कूलरच्या वासाने डोळे चुरचुरत असतील तर वाळे बदला आणि टाकी घासून काढा.

चुलीच्या धुराचंही तसंच. गॅस घरोघरी आला, तरी अंघोळीचं पाणी आणि गुराचं आंबोण पऱ्हाटीवरच तापतं. ती चूल उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून मांडा. शिवणकाम करणारी बाई धुरातून उठून थेट मशीनवर बसते. मधे थंड पाण्याने डोळे धुतले तरी फरक पडतो.

मळणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सोयाबीन आणि पुढे तूर, हरभरा, थ्रेशरसमोर उभं राहणाऱ्याने बंद बाजूचा प्लास्टिकचा गॉगल लावलाच पाहिजे. कृषी केंद्रात किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कुटार डोळ्यात गेलंच तर चोळू नका. स्वच्छ पाणी ओंजळीत घेऊन त्यात डोळा उघडझाप करा, किंवा कोणाला तरी वरून बारीक धार सोडायला सांगा. पदराच्या टोकाने काढणं, आणि आपल्याकडे अजून चालतं ते जिभेने काढणं, दोन्ही बंद. काळ्या बुबुळात रुतलेला कण घरी काढायचाच नाही.

फवारणीच्या हंगामात आणखी एक सांगणं आहे. औषध मारून आल्यावर डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली, सोबत मळमळ, घाम, लाळ किंवा छातीत घुसमट असेल तर तो डोळ्यांचा थकवा नव्हे. ती विषबाधा आहे. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाच्या डब्यासकट दवाखाना गाठा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेलेत, त्यामुळे "उद्या बघू" म्हणायचं नाही.

पायरी चौथी: नंबर

चाळिशी ओलांडली की जवळचं दिसणं हळूहळू कमी होतं, सगळ्यांचंच. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, त्याला व्यायाम किंवा आहाराने लवचीक करता येत नाही. तरी माणसं दोन-दोन वर्षं ओढतात. सुईत दोरा नातीकडून ओवून घेतात, फोन हात लांब करून वाचतात, आणि चष्मा लावला की नंबर वाढतो म्हणतात. चष्म्याने नंबर वाढत नाही. तो वयाने वाढतो, चष्मा घातला काय नि न घातला काय.

आसाममध्ये चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या ४० वर्षांवरच्या मजुरांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची खुडणी न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. मजुरी किलोवर असलेल्या आपल्या कापूस वेचणाऱ्या बायांनी हा हिशोब जरूर करावा.

आठवडी बाजारात ढिगाने मिळणारे तयार चष्मे वाईट असतात का? दोन्ही डोळ्यांचं लांबचं सारखं आणि स्वच्छ दिसत असेल, नुसतं जवळचं कमी झालं असेल, तर त्याने डोळा बिघडत नाही. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण एक नंबर, पन्नाशीत दोनच्या आसपास, असा अंदाज. पण दोन डोळ्यांत फरक असेल किंवा तिरपा नंबर असेल तर तोच चष्मा डोकेदुखी विकत आणल्यासारखा. आणि बाजारातला चष्मा डोळा तपासत नाही. चाळिशीनंतर एकदा नीट तपासणी झालीच पाहिजे, कारण काचबिंदू दुखत नाही, गुपचूप नजर खातो.

स्क्रीनवर काम करणाऱ्यांनी तपासणीला जाताना एक युक्ती करा. नेहमीसारखं बसा, डोळ्याच्या कडेपासून स्क्रीनपर्यंत सुतळी ताणा, तेवढी कापून खिशात टाका. तपासणाऱ्याला दाखवा आणि सांगा, मला इतक्या अंतरावर दिवसभर बघायचंय. वाचनाचा नंबर ४० सेंटीमीटरचा असतो, स्क्रीन त्याहून लांब. तिला कमी नंबर पुरतो. खाली वाचनाची खिडकी असलेला दुहेरी चष्मा लावून स्क्रीन बघणारी माणसं हनुवटी वर करून बसतात, मग मान आखडते आणि दोष मात्र मॉनिटरला.

स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या काचेच्या चष्म्यांचं काय? चष्म्याच्या दुकानात ते आग्रहाने गळ्यात मारतात. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी स्क्रीनचा थकवा कमी होतो असं निदान थोड्या काळाच्या वापरात तरी दिसलं नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही त्यांची शिफारस करत नाही. जास्तीचे पैसे वाचवा, त्यात चांगली खुर्ची येईल.

पोरांचं वेगळं. लहान मूल "मला दिसत नाही" असं सांगत नाही, कारण इतरांना जास्त दिसतं हेच त्याला माहीत नसतं. ते टीव्हीजवळ सरकतं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, डोळे बारीक करतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि त्यातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात. मुलांना रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात खेळू दिलं तर लांबचा नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. उन्हाळ्यात ते दोन तास सकाळी-संध्याकाळी.

शिलाई मशीन आणि ई-पीक पाहणी

काळ्या कापडावर काळा दोरा ही शिवणाऱ्यांची खरी परीक्षा. गडद कपडे दिवसाउजेडी काढायचे, रात्रीला फिकट कपडे किंवा तुरपाई ठेवायची. मशीन खिडकीजवळ अशी लावा की उजेड डाव्या खांद्यावरून सुईवर पडेल. सुई ओवताना तिच्या मागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा, नेढं लगेच दिसतं. फिकट दोरा असेल तर गडद कागद. मशीनचा छोटा दिवा असेल तर त्याचा झोत कापडावर पाहिजे, डोळ्यात नको.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवर पिकाची नोंद, करताना वावरात उभं राहून फोन दिसत नाही, म्हणून लोक ब्राइटनेस पूर्ण वाढवतात आणि तरी डोळे किलकिले करतात. फोटो उन्हात काढावाच लागतो, पण खाते नंबर आणि क्षेत्र भरायचं काम धुऱ्यावरच्या झाडाखाली उभं राहून करा. सावली नसेल तर सूर्याकडे पाठ करा, म्हणजे फोन तुमच्याच सावलीत येईल. टोपीची कड पुढे ओढा. फोन तिरपा करत करत एक जागा सापडतेच.

दुखायला लागल्यावर

काम थांबवा. डोळे मिटून दहा मिनिटं पडा. माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल डोळ्यांवर ठेवा. काकडीच्या चकत्याही तेच करतात, फक्त त्या खाल्लेल्या बऱ्या.

पापण्यांच्या कडा सकाळी चिकटत असतील, वारंवार रांजणवाडी होत असेल तर उलट कोमट शेक लागतो. पापण्यांच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात. ते तेल अश्रूंवर पसरून त्यांना सुकू देत नाही. ग्रंथी तुंबल्या की डोळा कोरडा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात फडकं पिळून पाच-सात मिनिटं शेकायचं, मग पापणीच्या कडेकडे हलकेच बोट फिरवायचं. उन्हाळ्यात हे पहाटेच करा, दुपारी कोणी ऐकणार नाही.

कोरडेपणासाठी अश्रूंसारखे थेंब मिळतात, त्यांच्या बाटलीवर बहुतेकदा कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज लिहिलेलं असतं. दिवसातून तीन-चार वेळा हरकत नाही. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि महिन्यानंतर टाकून द्या. टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आता जे घालायचं नाही ते. "लाल डोळ्याचे थेंब द्या" म्हणून मेडिकलमधून आणलेली, स्टेरॉइड असलेली बाटली. नावात किंवा घटकांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं काही दिसलं तर ती डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घालायची नाही. तिने डोळा एका दिवसात पांढरा होतो, म्हणूनच ती खपते. पण जास्त दिवस घातली तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धान कापताना पातं लागून बुबुळाला बुरशीची जखम झाली असेल तर हेच थेंब ती जखम भडकवतात. शेजारणीची उरलेली बाटली हा तर आपल्याकडचा कायमचा दवाखाना. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध यांतलं काहीही डोळ्यात जाता कामा नये.

कधी थांबायचं नाही

अचानक नजर कमी झाली; डोळा लाल, आतून ठणका, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलटी; डोळ्यासमोर विजा चमकतात, काळे ठिपके एकदम वाढले किंवा पडदा सरकल्यासारखा झाला; एकाचे दोन दिसायला लागले; मार लागला; बुबुळावर पांढरा ठिपका आला. यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यात चुना, अ‍ॅसिड किंवा फवारणीचं औषध उडालं तर आधी जागीच अर्धा तास पाण्याने धुवा, मग निघा. शुगर असलेल्यांनी त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्यावा.

जायचं कुठे? तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचा वार आधी फोन करून विचारा; आशाताईला सहसा माहीत असतो. मोठ्या तपासणीला जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं शासकीय मेडिकल कॉलेज किंवा मेयो रुग्णालय, अकोला-यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. सोबत जुना चष्मा, चालू औषधांच्या पट्ट्या, आधीचे कागद आणि ती सुतळी न्या. पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यात घुसतं, म्हणून गाडी स्वतः चालवत जाऊ नका. घरातलं कोणीतरी सोबत घ्या, गॉगल किंवा टोपी ठेवा, आणि परतीची एसटी किती वाजता ते निघण्याआधीच बघून ठेवा, कारण थेंब घातल्यावर स्टँडवरचा वेळापत्रकाचा बोर्ड तुम्हाला वाचता येणार नाही.